गेममधली लाल बस

मॉड म्हणजे तयार गेममध्ये बाहेरून घातलेली फाइल. गेम बनवणाऱ्या कंपनीने न दिलेली गाडी, रंग, आवाज किंवा रस्ता तिच्यामुळे गेममध्ये दिसू लागतो. मराठी मुलांच्या मोबाइलमध्ये असे मॉड सर्वाधिक ओळखीचे झाले ते एसटीच्या लाल बसमुळे. इंडोनेशियातील मालेओ कंपनीचा ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ हा गेम २०१७ मध्ये आला. खेळणारे त्याला ‘बसिड’ म्हणतात. बसला आपले रंगकाम चढवण्याची आणि आपले वाहन घालण्याची सोय या गेममध्ये कंपनीनेच दिलेली आहे. इंडोनेशियात वाहतूक भारतासारखीच डावीकडून चालते आणि चालक उजवीकडे बसतो, त्यामुळे लाल परी तिथल्या रस्त्यावर परकी वाटत नाही. संगणकावरच्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये ब्रिटन सोडले तर बहुतेक रस्ते उजव्या हाताचे आहेत, तिथे हा मेळ बसत नाही.

वाहनाच्या मॉडच्या फाइलला शेवटी ‘डॉट बसिडव्हेईकल’ किंवा ‘डॉट बसिडमॉड’ असे शेपूट असते. ती बहुधा झिप किंवा सेव्हन-झिपमध्ये बांधून येते. आधी ती उलगडायची, मग गेमच्या ‘मॉड्स’ फोल्डरमध्ये ठेवायची, गेम सुरू करायचा आणि गॅरेजमध्ये गाडी निवडायची. काम एवढेच. तरीही गाडी दिसत नाही, तेव्हा पहिला संशय फोल्डरवर घ्यावा. उलगडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो आणि फाइल एक पायरी खाली राहते, ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. दुसरी चूक शेपटाची: नावाच्या शेवटी ‘डॉट झिप’ तसेच राहिलेले असते. तिसरे कारण अँड्रॉइडचे आहे. २०२० मध्ये आलेल्या अँड्रॉइड ११ पासून इतर ॲपच्या डेटा फोल्डरात शिरायला साध्या फाइल मॅनेजरला मनाई झाली, त्यामुळे जुन्या व्हिडिओत दाखवलेली वाट नव्या फोनवर बंद असते.

रंगकामाला ‘लिव्हरी’ किंवा ‘स्किन’ म्हणतात. बसची सगळी अंगे एका सपाट पीएनजी चित्रावर पसरलेली असतात आणि गेम ते चित्र बसवर गुंडाळतो. सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, कर्नाटकाला लागून असलेल्या जतच्या मुलाला हवी असते ‘जत-सांगली’ किंवा ‘जत-विजयपूर’ पाटीची बस, आणि खरी मेहनत या पाटीपाशी सुरू होते. काही मोबाइल एडिटरना देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवता येत नाहीत. ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिले की हलंत सुटे पडतात. उपाय असा की मजकूर दुसऱ्या, मराठी नीट दाखवणाऱ्या ॲपमध्ये लिहून त्याचे चित्र करावे आणि ते चित्र स्किनवर चिकटवावे. बसच्या दोन्ही बाजू चित्रातील एकाच तुकड्यावरून उलटून घेतलेल्या असतील, तर एका बाजूची अक्षरे आरशातल्यासारखी दिसतात. हा दोष रंगकामाने जात नाही, त्यासाठी मॉडेलच बदलावे लागते. स्किन व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते, जेपीजी होते आणि कडा धूसर पडतात. ती डॉक्युमेंट म्हणूनच पाठवावी.

नंबर प्लेटवर अनेक चांगले मॉड घसरतात. सांगलीचा क्रमांक एमएच १० आहे, म्हणून जत आगाराच्या बसवर तोच घातला जातो. पण एसटी महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधलेल्या गाड्यांवर बांधणीच्या ठिकाणचा क्रमांक असतो: दापोडीच्या गाड्यांना एमएच १४, चिकलठाण्याच्या गाड्यांना एमएच २०, हिंगण्याच्या गाड्यांना एमएच ४०. रोज स्टँडवर उभे राहून गाड्या न्याहाळणाऱ्या मुलाला हे कुणी शिकवावे लागत नाही, आणि त्याने केलेली बस लगेच ओळखू येते.

गाडी दिसते पण पांढरी किंवा काळी दिसते, तेव्हा चित्राची फाइल सापडलेली नसते. गाडी निवडताच गेम बंद पडतो, तेव्हा मॉडेल फोनच्या रॅमला पेलत नाही किंवा मॉड गेमच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी केलेला असतो. रस्ते आणि रहदारी बदलणारे मॉड ओबीबी फाइलमध्ये येतात. या फाइलच्या नावात गेमच्या आवृत्तीचा क्रमांक असतो. तो फोनमधल्या गेमशी जुळला नाही तर गेम ती फाइल उघडतच नाही. म्हणून मॉड वापरणाऱ्याने प्ले स्टोअरमधील आपोआप अपडेट या गेमपुरते बंद ठेवावे, आणि मूळ ओबीबीची प्रत वेगळी जपावी.

संगणकावर बिघाडाचा शोध अधिक शिस्तीने घेता येतो. चेक कंपनी एससीएसच्या ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’मध्ये (२०१२) मॉड डॉक्युमेंट्समधील ‘मॉड’ फोल्डरात जातात आणि मॉड मॅनेजरमध्ये त्यांचा क्रम लागतो. दोन मॉड एकाच फाइलला हात लावत असतील तर वरचा जिंकतो, म्हणून कित्येकदा नुसता क्रम बदलल्याने बिघाड जातो. गेम प्रत्येक वेळी ‘गेम डॉट लॉग डॉट टीएक्सटी’ नावाची साधी मजकुराची फाइल लिहितो. बंद पडल्यावर ती उघडून शेवटच्या ओळींतील ‘एरर’ वाचावे. तिथेही धागा सापडला नाही तर निम्मे मॉड बंद करून पाहावे, मग उरलेल्यांतले निम्मे. दोषी एकच असेल तर १६ मॉडमधून तो ४ फेऱ्यांत सापडतो. एकेक काढून पाहणाऱ्याला १५ फेऱ्याही लागू शकतात.

मॉड काढतानाही क्रम असतो. ज्या मॉडची गाडी चालवत आहोत ती आधी सोडावी, गेमची मूळ गाडी घ्यावी, सेव्ह करावे आणि त्यानंतर फाइल काढावी. मॉड म्हणून एपीके किंवा ईएक्सई फाइल हाती आली तर ती उघडू नये. गाडीच्या मॉडला नवे ॲप बसवण्याची गरज नसते.

मॉड दुसऱ्याला पाठवताना फाइलच्या नावात गेमची आवृत्ती लिहावी, आणि बनवणाऱ्याचे नाव पुसू नये.