साधक आणि शिबिरार्थी

आध्यात्मिक शिबिरांची पत्रके पाहिली, तर एकच मनुष्य वरच्या ओळीत ‘साधक’ असतो आणि भोजनाच्या सूचनेत ‘शिबिरार्थी’ होतो. हे दोन शब्द समानार्थी समजून वापरले जातात. ते तसे नाहीत.

प्रथम इंग्रजी शब्द पाहू. एकांतात राहून काही दिवस साधना करणाऱ्यास त्या भाषेत ‘रिट्रीटंट’ म्हणतात. ‘रिट्रीट’ म्हणजे माघार. सैन्य मागे घेणे या अर्थीही तो शब्द रूढ आहे. साधनेच्या संदर्भात ही माघार व्यवहारापासूनची. या प्रथेला शिस्तबद्ध रूप देणारे इग्नेशियस लॉयोला हे पूर्वायुष्यात सैनिकच होते. त्यांचा आध्यात्मिक अभ्यासांचा ग्रंथ १५४८ मध्ये छापला गेला आणि त्यातील पूर्ण क्रम सुमारे ३० दिवसांचा आहे. हा क्रम आचरणाऱ्यास ‘एक्झरसिटंट’, म्हणजे अभ्यास करणारा, असेही म्हणतात. एक शब्द माणूस कोठून निघाला हे सांगतो, दुसरा तो काय करतो हे सांगतो.

आपल्याकडील जोडीतही हाच भेद आहे. ‘शिबिर’ हा संस्कृतात सैन्याच्या तळाचा शब्द. म्हणजे दोन्ही भाषांनी शांततेच्या शोधासाठी युद्धभूमीवरूनच शब्द उचलावा, ही मौज आहे! ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. विद्यार्थी विद्या इच्छितो, मोक्षार्थी मोक्ष इच्छितो; या न्यायाने शिबिरार्थी केवळ शिबिर इच्छितो. तेथे जागा मिळाली, नाव नोंदले गेले, की शब्दाचा अर्थ पुरा झाला. श्रमदानाचे शिबिर असो वा गिर्यारोहणाचे, हा शब्द तेवढाच चालतो. (जाता जाता शिक्षकांसाठी: शब्द तत्सम असल्यामुळे ‘बि’ ऱ्हस्वच हवी, ‘शिबीरार्थी’ हे रूप अशुद्ध.)

‘साधक’ हा शब्द याहून पुष्कळ भारी आहे. साधन, साधना, साध्य हे त्याचे सगेसोयरे. पाणिनीने करण या कारकाची व्याख्या करताना ‘साधकतम’ हे पद योजले, तेथे क्रिया सिद्धीस नेण्यास जे सर्वाधिक उपकारक ते, असा अर्थ आहे. ‘साधकबाधक विचार’ या आपल्या नित्याच्या प्रयोगातही तोच अर्थ टिकून आहे. परमार्थात मात्र या शब्दाला निश्चित पायरी मिळाली. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी बद्ध, मुमुक्षु, साधक आणि सिद्ध यांची लक्षणे क्रमाने चार समासांत सांगितली आहेत. मुमुक्षूला आपल्या स्थितीचा पश्चात्ताप झालेला असतो. साधक त्याच्या पुढे जाऊन संतसंग, श्रवण, मनन यांत स्थिर होऊ पाहतो. नुसती ओढ ही मुमुक्षूची. चालू असलेला अभ्यास हे साधकाचे लक्षण. तेव्हा नावनोंदणीच्या अर्जावरच कोणी साधक कसा होईल?

या प्रश्नाला विपश्यनेच्या परंपरेने एक व्यवहारी उत्तर दिले आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ मध्ये भारतात शिबिरे सुरू केली आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर ती भरू लागली. तेथे शिबिरात बसलेला प्रत्येक जण साधक. आणि दहा दिवसांचे एक शिबिर पूर्ण केलेल्यास ‘जुना साधक’ म्हणतात. समर्थांच्या मापाने हे फार सवंग वाटेल. तथापि त्या दहा दिवसांत मौन पाळून तो मनुष्य प्रत्यक्ष अभ्यास करीत असतो, हे विसरून चालणार नाही. शब्द तेथे पायरीचा न राहता क्रियेचा झाला आहे आणि धात्वर्थाला तो सोडून नाही. माझा आक्षेप आहे तो व्याख्यान ऐकून सायंकाळी घरी परतणाऱ्या श्रोत्यालाही साधक म्हणण्याला.

खरे तर अशा प्रसंगी मराठी माणूस नामापेक्षा क्रियापदावर अधिक विसंबतो. गुरुचरित्राच्या सप्ताहाला तो ‘बसतो’, अनुष्ठानाला ‘बसतो’. त्याच्यासाठी वेगळी पदवी कोणी शोधीत नाही. जेथे नाम लागले तेथे ‘करी’ प्रत्ययाने काम भागले: वारकरी, माळकरी, टाळकरी. वारी करणारा, माळ धारण करणारा, टाळ धरणारा, असे ज्याचे त्याचे काम त्यातून कळते.

म्हणून नोंदवही, निवास, भोजन, प्रवासखर्च यांसंबंधी ‘शिबिरार्थी’ लिहावे; हा शब्द स्त्रीपुरुष दोघांनाही चालतो. साधनेच्या सूचनांत ‘साधक’ योजावा आणि तेथे स्त्रियांसाठी ‘साधिका’ हे रूप घालण्यास विसरू नये.