संगणकांचें नित्यकर्म

एका संगणकाची निगा राखणें सोपें. परंतु जेथें अनेक संगणक एकमेकांस जोडलेले असतात, तेथें प्रश्न निराळा होतो. वाड्याचा दिंडीदरवाजा लावून घेतला आणि परसदार उघडें राहिलें, तर त्या पहाऱ्याचा उपयोग काय?

१२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाच्या खंडणीखोर प्रोग्रामनें सुमारें दीडशें देशांतील दोन लाखांवर संगणक ग्रासले. इंग्लंडांतील कित्येक रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रियादेखील रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रांतून तो शिरला, तें बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ मार्च रोजींच प्रसिद्ध केली होती. औषध तयार होतें. पुष्कळांनीं तें घेतलें नव्हतें, इतकेंच!

आपल्या सोयीप्रमाणें घडवून घेतलेली कार्यप्रणाली वापरणारांवर तर ही जबाबदारी दुप्पट असते. जर्मनींतील म्युनिक नगरपालिकेनें २००३ सालीं लिनक्सचा मार्ग पत्करला आणि ‘लिमक्स’ ही स्वतःची प्रणाली सिद्ध केली. २०१३ पर्यंत सुमारें पंधरा हजार संगणक तिच्यावर आले. प्रत्येकापुढें माणूस बसविणें अशक्यच. म्हणून कलोन विद्यापीठांतील थॉमस लांगे यांनीं आरंभिलेली ‘एफ.ए.आय.’ ही पद्धत तेथें उपयोगांत आणली गेली. तींत संगणकांचे वर्ग पाडतात, प्रत्येक वर्गास काय हवें तें मध्यवर्ती ठिकाणीं एकदांच लिहून ठेवतात, आणि संगणक तें जाळ्यावरून आपण होऊन उचलतो. पुढें २०१७ सालीं नगरसभेनें विंडोजकडे परतण्याचें ठरविलें. त्या निर्णयाच्या बऱ्यावाइटाचा वाद आम्ही येथें करीत नाहीं. पद्धत मात्र शिकण्याजोगी आहे.

घरीं किंवा शाळेंत चारपांच संगणक असतील, तर आमच्या मतें एवढें पथ्य पुरे आहे. मूळ प्रणालींत हात घालूं नये. आपले फेरफार वेगळ्या पॅकेजांत ठेवावे, म्हणजे नवी आवृत्ति त्यांस पुसून टाकीत नाहीं. डेबियनसारख्या प्रणालींत ‘ॲप्ट-कॅशर-एनजी’ एका संगणकावर बसविल्यास दुरुस्ती बाहेरून एकदांच उतरते व बाकीचे ती घरांतच घेतात. मोठा बदल प्रथम एकाच संगणकावर करून पाहावा. सुरक्षिततेच्या दुरुस्तीला मात्र विलंब लावूं नये. कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत जाळ्याबाहेर ठेवावी. प्रत्येक आवृत्तीचें आयुष्यहि ठाऊक असावें: डेबियनची आवृत्ति दीर्घकालीन पाठबळ धरून सुमारें पांच वर्षें चालते, ‘विंडोज १०’चें नित्याचें पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें.

राहतां राहिला प्रश्न माणसाचा. एकत्र कुटुंबांत जें सर्वांचें काम, तें कोणाचेंच नसतें. म्हणून तें एकावर नेमून द्यावें, मग ती धाकटी सून असो वा कॉलेजांत जाणारा पुतण्या. महिन्यांतून एक वार ठरवावा, कोणत्या संगणकास काय केलें याची नोंद वहींत करावी, आणि घरांतील वडील मंडळींनीं ती वही अधूनमधून पाहावी.