वेग कोणाला जाणवतो?

वाकोल्याच्या शेजारीच सांताक्रूझचा विमानतळ आहे. तेथे उतरू घातलेले विमान छपरांवरून क्षणार्धात निघून जाते आणि ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा तो वेग आपल्याला प्रचंड वाटतो. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा ‘साल्युत ७’ मधून पृथ्वीप्रदक्षिणा करीत होते, तेव्हा त्यांचा वेग ताशी सुमारे २८,००० किलोमीटर होता. मुंबई-पुणे हे हवाई अंतर अशा यानाला पंधरा-सोळा सेकंदांचे! तरीही आत बसलेल्याला तो वेग अंगाला असा जाणवत नाही.

शरीराला वेग कळत नाही, वेगातील बदल कळतो. यान आणि प्रवासी दोघेही पृथ्वीकडे एकत्रच पडत असतात. रेटा नाही, वारा नाही. उरते ती खिडकी. पण जमीन तीनशे-चारशे किलोमीटर खाली असल्याने, दहा किलोमीटर उंचीवरच्या विमानातून दिसावी तितक्याच संथपणे ती सरकते. वेगाची साक्ष देतात ते दिवसाकाठचे सोळा सूर्योदय.

वर्गात मात्र आपण ‘तेथे गुरुत्वाकर्षण नसते’ असे सांगून मोकळे होतो. ते धादांत चूक आहे. त्या उंचीवरही ते सुमारे नऊ-दशांश शिल्लक असते. त्यापेक्षा विद्यार्थ्यांना सांताक्रूझ स्थानकात उभ्या लोकलमध्ये बसवावे. शेजारची गाडी सुटली की आपलीच हलल्याचा भास होतो. आर्यभटाने नावेतल्या माणसाचा दाखला देऊन हेच सांगितले होते. आणि गाडी उशिरा आली म्हणून फलाटावर चडफडणारा कारकून? तोही त्या क्षणी पृथ्वीसह सूर्याभोवती सेकंदाला तीस किलोमीटर वेगाने, म्हणजे शर्मांच्या यानाच्या जवळजवळ चौपट वेगाने, चाललेला असतो.