दोरावर कुणाचं ऐकू येतं

दोर साधारण पंचवीस मीटर लांब, बोटाएवढा जाड, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेला. बारा-चौदा माणसांनी डोळ्यांवर पट्टी बांधायची, दोर हातात धरायचा आणि त्याचा चौरस करायचा. अटी तीनच. दोर पूर्ण वापरायचा, प्रत्येकाचा किमान एक हात सतत दोरावर राहिला पाहिजे, आणि चौरस झाला यावर सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय कुणीही पट्टी काढायची नाही. वेळ अर्धा तास. कंपन्यांच्या गटांसाठी आम्ही जे खेळ घेतो, त्यांत याच्याइतका साधा खेळ नाही, आणि मला विचाराल तर याच्याइतका उपयोगाचाही नाही.

चाकण, रांजणगाव, पिरंगुट या पट्ट्यातल्या कारखान्यांमधून गट येतात. मुळशीच्या बाजूला धरणाच्या पाण्यापासून वर एक सपाट माळ आहे, तिथे पाऊस सरल्यावर आमचं काम सुरू होतं. गट येण्याआधी ती सगळी जागा मी पायाखालून घालतो. खेकड्यांची बिळं, कापलेल्या झुडपाचा गवतात लपलेला खुंट, पाय मुरगळेल असा उतार. डोळे बांधलेला माणूस ज्यावर अडखळू शकतो ते सगळं आधी बघायचं असतं. प्रत्येकाकडून फॉर्म भरून घेतलेला असतो: बीपी, शुगर, गुडघ्याचं ऑपरेशन, गरोदरपण. कुणाला पट्टीचीच धास्ती वाटते. त्यांना निरीक्षक म्हणून बाहेर उभं करायचं आणि त्यांच्या हातात वही द्यायची. संपूर्ण गटात सगळ्यात जास्त त्यांनाच दिसतं, म्हणून ही जागा मी कधीही कमी महत्त्वाची मानत नाही.

पट्ट्या बांधल्या की पहिली काही मिनिटं नुसता गलका असतो. ज्याचा आवाज मोठा त्याचा हुकूम. ‘सगळे मागे सरका!’ ‘अहो, मागे म्हणजे कुणाच्या मागे?’ डोळे झाकल्यावर मागे-पुढे, डावं-उजवं प्रत्येकाचं वेगळं होतं, हे समजायलाच वेळ जातो. मग कुणीतरी चार कोपऱ्यांवर चार माणसं नेमतो, पण कोपरा कुठे आहे हे त्या चौघांनाही माहीत नसतं. दोर एकीकडे ताणला जातो, दुसरीकडे लोळत राहतो.

सोडवायची रीत अवघड नाही. गाठ हाताला लागते, ती पकडून ठेवायची. तिथून दोराची घडी घातली की समोरचा मधला बिंदू सापडतो. पुन्हा एक घडी, की उरलेले दोन कोपरे. दुसरी रीत मोजणीची. माणसं बारा असतील आणि दोरावर सारख्या अंतराने उभी राहिली, तर पहिला, चौथा, सातवा आणि दहावा हे कोपरे. एवढ्यावर गट खूश होतो आणि पट्ट्या काढायला निघतो. एकदा वेल्डिंग विभागातल्या एका काकांनी त्यांना थांबवलं. ‘चारी बाजू सारख्या आल्या म्हणजे चौरस झाला का? फ्रेम वाकडी असली तरी बाजू सारख्याच येतात. गुण्या लावा.’ डोळे बांधलेले असताना गुण्या आणायचा कुठून? त्यांनी स्वतःच तोड काढली. कोपऱ्यावरच्या माणसाने एक हात नाकासमोर सरळ धरायचा, दुसरा खांद्याच्या रेषेत आडवा, आणि दोर दोन्ही हातांना लागून जातोय का ते बघायचं. माणसाच्या अंगात काटकोन असतो हे मला त्या दिवशी त्यांनी दाखवलं. आयुष्यभर लोखंडाच्या चौकटी जोडलेल्या माणसाकडेच ही समज असते, आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

चाकणच्या एका कारखान्याचा गट मला इथे सविस्तर सांगायचा आहे. प्रॉडक्शन, मेंटेनन्स, क्वालिटी, स्टोअर अशी सगळी मंडळी एकत्र होती. प्लांट हेडही होते आणि तेही दोरावर होते. स्टोअरमध्ये काम करणाऱ्या एक ताई दोराच्या गाठीपाशीच उभ्या होत्या. खेळ सुरू होऊन थोडा वेळ गेल्यावर त्या म्हणाल्या, ‘गाठ माझ्याकडे आहे, इथून घडी घालू या.’ आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या तिघा-चौघांना ऐकू जावा इतका नक्की होता. कुणीच काही बोललं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं आणि मग त्या गप्प राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांच्या उजवीकडचा प्रॉडक्शनचा इंजिनिअर मोठ्याने ओरडला, ‘ऐका, गाठ शोधा, गाठीपासून घडी घालायची!’ लगेच सगळे हलले आणि काही मिनिटांत चौरस झाला. पट्ट्या निघाल्यावर टाळ्या इंजिनिअरला मिळाल्या. त्याने मुद्दाम काही लपवलं नव्हतं. ती कल्पना आपल्यालाच सुचली असं त्याला मनापासून वाटत होतं.

खेळानंतर गोल करून बसायचं. आमच्या कामाचा अवघड भाग इथे सुरू होतो. ‘काय शिकलात?’ हा प्रश्न मी विचारत नाही, कारण त्याची उत्तरं सगळ्यांना आधीच पाठ असतात: एकजूट, संवाद, नेतृत्व. मी विचारतो, ‘दोरावर असताना कुणाला काय सुचलं होतं, आणि ते कुणी ऐकलं?’ विचारून झालं की गप्प बसायचं. नवशिक्या ट्रेनरला ती शांतता सोसत नाही. तो मध्येच एखादी गोष्ट सांगतो, पुढचा प्रश्न टाकतो, आणि जे बोललं जाणार होतं ते राहून जातं. साहेबांना मी आधीच बाजूला घेऊन विनंती केलेली असते की तुम्ही सगळ्यात शेवटी बोला. साहेब आधी बोलले की बाकीच्यांची वाक्यं त्यांच्या वाक्याच्या मापाने कापली जातात.

त्या दिवशी बराच वेळ कुणी बोललं नाही. मग निरीक्षक असलेल्या मुलाने वहीतून वाचलं: ‘ताईंनी गाठीचं तीनदा सांगितलं. शेजारी कुणी वळलं नाही.’ इंजिनिअर चक्रावला. ‘मला ऐकूच आलं नाही हो.’ तेव्हा मेंटेनन्सचे एक ज्येष्ठ फिटर म्हणाले, ‘साहेब, कंपनीत तरी कुठे ऐकू येतं?’ आणि ते सांगू लागले. एका मशिनच्या बेअरिंगचा आवाज बदललाय हे त्या मशिनवरचा ऑपरेटर आठवडाभर सांगत होता. कंत्राटी मुलगा, नुकताच लागलेला. सुपरवायझरने ऐकून सोडून दिलं. बेअरिंग गेलं तेव्हा लाइन बंद पडली. रात्रपाळी मशिन उघडण्यात गेली आणि चर्चा झाली ती मेंटेनन्सच्या दिरंगाईची. प्लांट हेड शेवटपर्यंत बोलले नाहीत. नंतर त्यांनी त्या फिटरला एकच प्रश्न विचारला, ‘तो मुलगा आज आलाय का?’ तो आला नव्हता. कंत्राटी कामगारांना यादीत घेतलंच नव्हतं.

एमी एडमंडसन यांचं संशोधन मला या कामात सतत आठवतं. रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास त्यांनी केला, तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत चुका कमी असतील असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. ज्या विभागांचं नेतृत्व चांगलं, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त होत्या. उलगडा असा झाला की तिथली माणसं चूक दडवत नव्हती, बोलून दाखवत होती. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या अभ्यासात त्यांनी एका उत्पादन कंपनीतले ५१ गट पाहिले. गटात बोलून दाखवणं सुरक्षित वाटतं की नाही यावर तो गट शिकतो की नाही हे ठरतं, असं त्यातून दिसलं. बेअरिंगच्या आवाजाची गोष्ट आणि औषधाच्या चुकीची गोष्ट मला एकच वाटते.

या खेळांचं मूळ करमणुकीत नाही. कुर्ट हान हे जर्मन शिक्षक हिटलरला विरोध केल्यामुळे १९३३ मध्ये अटकेत गेले आणि सुटल्यावर ब्रिटनला आले. स्कॉटलंडमध्ये त्यांनी शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धात जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या मदतीने १९४१ मध्ये वेल्समधल्या ॲबरडव्ही इथे ‘आऊटवर्ड बाऊंड’ची पहिली शाळा उभी राहिली. टॉर्पेडोने जहाज बुडाल्यावर होडीत अडकलेले तरुण खलाशी लवकर धीर सोडतात आणि अनुभवी, वयस्क खलाशी तगून राहतात, असं होल्ट यांचं म्हणणं होतं. जे अंगी लागतं ते समुद्रात पडण्याआधी कसं द्यायचं, या प्रश्नातून ते शिक्षण आलं. आज एका दिवसात चार खेळ, जेवण, डीजे आणि ग्रुप फोटो असा कार्यक्रम मागितला जातो तेव्हा मला हा इतिहास समोरच्याला सांगावासा वाटतो, आणि बहुतेक वेळा मी तो सांगतोही.

दुसरा खेळ काठीचा. तंबूची असते तशी हलकी, तीन मीटरची पोकळ काठी. दोन्ही बाजूंना माणसं समोरासमोर उभी राहतात. प्रत्येकाने तर्जनी आडवी धरायची, काठी त्या बोटांवर ठेवायची आणि सगळ्यांनी मिळून ती जमिनीवर टेकवायची. बोट काठीला सतत लागलेलं हवं, पण पकडायचं नाही. काठी खाली जाण्याऐवजी वर जायला लागते. छातीपर्यंत, खांद्यापर्यंत, कधी डोक्याच्याही वर. ‘कोण ढकलतंय रे?’ असा आरडाओरडा सुरू होतो आणि प्रत्येकजण शपथेवर सांगतो की मी नाही. खोटं कुणीच बोलत नसतं. काठी इतकी हलकी असते की बोट सुटू नये म्हणून प्रत्येकाने वर दिलेला बारीकसा दाब मिळून तिच्या वजनाला भारी पडतो. प्रत्येकजण आपला नियम चोख पाळतो आणि त्यामुळेच सगळ्यांचं काम उलटं होतं. क्वालिटीची माणसं माल अडवतात, प्रॉडक्शनची माणसं आकडा गाठतात, स्टोअर साठा कमी ठेवतं. जो तो आपापल्या जागी बरोबर असतो. काठीच्या खेळानंतर हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, लोक आपणहून आपल्या लाइनचं उदाहरण देतात. काठी खाली जाते तीही एकाच्या हुकमाने नव्हे. सगळे थांबतात, श्वास घेतात, एकमेकांच्या बोटांकडे बघतात आणि एका तालावर गुडघ्यात वाकतात.

विभागाविरुद्ध विभाग अशी स्पर्धा मी घेत नाही. एच.आर.कडून ही मागणी हमखास येते: मेंटेनन्स विरुद्ध प्रॉडक्शन रस्सीखेच ठेवा, मजा येईल. तेव्हा मला एक प्रयोग आठवतो. मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथल्या शिबिरात २२ मुलांचे दोन गट करून त्यांना स्पर्धांमध्ये एकमेकांसमोर उभं केलं. रस्सीखेच, बेसबॉल, जिंकणाऱ्याला बक्षीस. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. मग दोघांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. वैर कमी झालं नाही, जेवताना अन्न फेकाफेकी मात्र झाली. फरक पडला तो दोघांची अडचण एक झाली तेव्हा. पिण्याचं पाणी बंद झालं, ते कुठे अडलंय हे सगळ्यांनी मिळून शोधावं लागलं. जेवण आणायला निघणारा ट्रक बंद पडला, तो सगळ्यांनी मिळून ओढला, आणि त्यासाठी वापरला तो रस्सीखेचीचाच दोर. मुलांना प्रयोगाची कल्पना नव्हती यावर पुढे टीका झाली, आणि ती योग्यच आहे. पण नुसतं एकत्र जेवल्याने, नाचल्याने गट होत नाही, हे त्यातून जे दिसलं ते मी माळावर पुनःपुन्हा पाहिलं आहे. जे विभाग वर्षभर टार्गेटवरून एकमेकांशी झगडतात, त्यांना सुट्टीच्या दिवशी पुन्हा झगडायला लावणं मला पटत नाही.

उंचावरून पाठमोरं पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हा खेळही मी बंद केला आहे. झेलणाऱ्यांचे हात एक क्षण सैल पडले तर मानेला, पाठीला दुखापत होते. शिवाय साहेब बघत असताना ‘मला नको’ म्हणणं कनिष्ठ माणसाला शक्य नसतं. ज्या खेळात नकार देता येत नाही त्यात विश्वास कसा मोजणार?

चाकणच्या त्या गटाने जाताना एक गोष्ट ठरवली. शिफ्ट बदलताना पाच मिनिटं दोन्ही शिफ्टचे ऑपरेटर मशिनपाशी थांबतील, आधी ऑपरेटर बोलेल, मग सुपरवायझर. कंत्राटी मुलंही त्यात असतील. काही आठवड्यांनी मी कारखान्यात गेलो तेव्हा मशिनपाशी एक रजिस्टर टांगलेलं होतं. काही पानं कोरी, काहींवर ‘ठीक’ एवढंच, आणि मधूनमधून खऱ्या नोंदी: ‘कूलंटला वास’, ‘चक घट्ट बसत नाही’, ‘डाव्या बाजूने कंप’. प्रत्येक नोंदीसमोर मेंटेनन्सची सही होती, आणि फिटर काकांनी मला ती बोट ठेवून दाखवली. ती पाच मिनिटं कुणाच्या वेळात धरायची, यावर मात्र प्रॉडक्शन आणि एच.आर.चा वाद चालू होता. संपणाऱ्या शिफ्टमध्ये धरली तर पीस कमी पडतात, बाहेर धरली तर बस निघून जाते आणि कंत्राटी मुलांना त्याचा ओव्हरटाइम मिळत नाही. मी प्लांट हेडना भेटून सांगितलं की ही पाच मिनिटं पगारी वेळेतच धरा, बस पाच मिनिटं उशिरा सोडा, आणि पुढच्या वेळी माळावर येणाऱ्यांच्या यादीत कंत्राटी मुलांची नावं घाला. बसचं त्यांनी त्याच दिवशी मान्य केलं. उरलेल्या दोन गोष्टींचं मी विचारत राहणार आहे.