हिरव्या बाणाची किंमत

चौरस्त्यावरील तांबडा आणि हिरवा दिवा ही आज इतकी परिचित गोष्ट झाली आहे की, तिच्यामागे काही शास्त्र असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तांबड्याला थांबावे, हिरव्याला निघावे. सरळ जाणाऱ्यापुरते एवढे पुरतेही. खरा पेच निर्माण होतो तो वळणाऱ्या वाहनामुळे. या पेचाचा बारकाईने विचार झाला आहे तो अमेरिकेत.

अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्याला समोरून येणाऱ्या वाहनांचा प्रवाह छेदावा लागतो. भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालत असल्यामुळे हीच अडचण उजव्या वळणाच्या वाट्याला येते. आरशातल्याप्रमाणे बाजू बदलते, प्रश्न तोच राहतो. साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना मिळण्याच्या, फुटण्याच्या आणि छेदण्याच्या मिळून ३२ जागा अभियंते मोजतात. त्यांपैकी १६ छेदण्याच्या, म्हणजे सर्वांत धोक्याच्या. आणि या १६ पैकी १२ ठिकाणी डावीकडे वळणारे वाहन गुंतलेले असते.

यावर दोन उपाय आहेत. पहिल्यात सरळ जाणाऱ्याला आणि वळणाऱ्याला एकच हिरवा गोल दिवा मिळतो. वळणाऱ्याने समोरच्या वाहनांत पुरेशी फट पाहून वळावे. दुसऱ्यात वळणाऱ्यासाठी स्वतंत्र हिरवा बाण लागतो आणि तेवढा वेळ समोरची वाहने थोपवून धरली जातात. दुसरा मार्ग उघडच अधिक सुरक्षित. मग प्रत्येक चौकात बाण का नसावा, असा प्रश्न कोणीही विचारील.

याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. दिव्यांचे एक आवर्तन ९० सेकंदांचे आहे असे समजावे. दरवेळी पाळी बदलताना सुमारे ४ सेकंद वाया जातात. दोनच पाळ्या असतील तर ८२ सेकंद कामी येतात आणि प्रत्येक रस्त्याला ४१ सेकंद मिळतात. वाहने एकामागून एक साधारणतः दोन सेकंदांच्या अंतराने सुटत असल्याने एका पदरातून सुमारे २० वाहने निघून जातात. आता दोन्ही रस्त्यांना दहा-दहा सेकंदांचा बाण दिला, तर पाळ्या चार होतात, वाया जाणारा वेळ दुप्पट होतो आणि सरळ जाणाऱ्यांच्या वाट्याला प्रत्येकी २७ सेकंदच उरतात. वीसांच्या जागी तेरा वाहने सुटतात. उरलेली सात मागे साचत जातात.

उलट, बाण नसलेल्या चौकात समोरचा प्रवाह अखंड असेल, तर वळणाऱ्यास वाट मिळते ती हिरवा दिवा मावळताना. तेवढ्यात जेमतेम दोन वाहने निसटतात. तासाला ४० आवर्तने धरली तर वळणारी वाहने होतात अवघी ८०. याहून अधिक जणांना वळायचे असेल, तर रांग वाढते, रांगेबरोबर अधीरता वाढते आणि अधीर झालेला चालक एरवी सोडली असती अशा अरुंद फटीत गाडी घालतो. म्हणजे खोळंबा हाही एक धोकाच होय. सुरक्षितता आणि गती या नेहमीच एकमेकींच्या वैरिणी असतात असे नाही.

हिरव्या गोल दिव्यात आणखी एक दोष आहे. तोच दिवा सरळ जाणाऱ्याला ‘जा’ म्हणून सांगतो आणि वळणाऱ्याला ‘थांबून पाहा, मग जा’. एकाच शब्दाचे असे दोन अर्थ झाले की, गैरसमज अटळ होतो. काही चौकांत तर आपला दिवा पिवळा झालेला पाहून समोरच्याचाही झाला असावा असे वळणाऱ्यास वाटते; प्रत्यक्षात समोरचा दिवा हिरवाच असतो. या फसगतीला तेथील अभियंते ‘पिवळा सापळा’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणून उघडझाप करणारा पिवळा बाण पुढे आला आणि २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमपुस्तकात त्याला स्थान मिळाले. समोरचा हिरवा दिवा असेतोवर तो लुकलुकत राहतो आणि ‘वाट दुसऱ्याची, फट पाहून वळा’ एवढा एकच अर्थ सांगतो. गर्दीच्या वेळी हिरवा बाण आणि एरवी लुकलुकता पिवळा, अशी अदलाबदलही त्याच दिव्यात करता येते.

या साऱ्या हिशेबात एक जण मात्र सहज विसरला जातो. तो म्हणजे पादचारी. फटीच्या शोधात असलेल्या चालकाची नजर समोरच्या वाहनांवर खिळलेली असते. वळून तो ज्या रस्त्यात शिरणार, तो रस्ता त्याच वेळी एखादी वृद्ध स्त्री ओलांडत असते. तिच्याही समोर चालण्याची खूण उजळलेली असते. म्हणून केवळ वाहनांची संख्या पाहून भागत नाही. समोरचे पदर किती, वेग किती, दूरवरचे दिसते की नाही, चालणारे किती आणि पूर्वी अपघात किती झाले, हे सर्व पाहूनच निर्णय घ्यावा लागतो. समोर अनेक पदर असतील आणि वेग मोठा असेल, तेथे खोळंबा सोसूनही हिरवा बाणच द्यावा. शांत, अरुंद रस्त्यावर तो देणे म्हणजे रिकाम्या वाटेसाठी इतरांना ताटकळत ठेवणे होय.

चौरस्त्यावर प्रत्येक सेकंद कोणाकडून तरी काढून कोणाला तरी दिलेला असतो. तो वाटून देताना काही क्षणांचा उशीर आणि एक जीव ही एकाच तराजूत घालण्याजोगी मापे नव्हेत, एवढे भान ज्याने राखले, त्याने बसविलेल्या दिव्याखाली वाहन आणि माणूस दोघांनाही निःशंकपणे पुढे जाता येते.