बोर्डी ते कोसबाड : ताईच्या नजरेवर चालणारी शाळा

लाकडाचा एक लांबट ठोकळा, त्यात दहा भोकं आणि त्यांत बसणारे वेगवेगळ्या मापांचे दहा दट्टे. एक जरी दट्टा चुकीच्या जागी गेला तर कुठेतरी तो डुगडुगतो, नाहीतर शेवटचा आत जातच नाही. मुलाला ‘चुकलं’ असं कुणी सांगावं लागत नाही. मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणातला हा फार हुशार भाग आहे. तो महागही आहे, कारण दट्टे नेमक्या मापात कातलेले नसतील तर त्यातली सगळी हुशारी वाया जाते.

ताराबाई मोडक अशा माँटेसरी साधनसाहित्यात मुरलेल्या होत्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केलं. तिथे त्यांना स्वस्थ बसता आलं असतं. तसं न करता १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्याच वर्षी याच मुलखात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. बालवाडीत यायची ती मुलं कुठल्या घरांतून येणार होती, हे त्यावरून कळावं.

बोर्डीत पहिली अडचण अगदी साधी होती. गावाच्या मध्यावर बालवाडी मांडली, पण दलित वस्तीतली मुलं तिथवर येईनात. मग बालवाडीची शिक्षिका, म्हणजे ताईच, वस्तीत जाऊ लागली. मुलं ज्या अंगणात खेळायची तिथेच आणि त्यांच्या सोयीच्या वेळेला शाळा भरायची. आधी अंघोळ, केस, नखं. मग गाणी, गोष्टी, खेळ. मध्यावरची ती केंद्रीय बालवाडी आणि वस्तीतली ती अंगणवाडी, अशी दोन रूपं शेजारी-शेजारी चालली.

साहित्यही तसंच जवळचं निवडलं. समुद्र हाकेवर, त्यामुळे शंख-शिंपल्यांना तोटा नव्हता. बिया, खडे, पानं, माती होतीच. लहान-मोठं लावणं, रंगांचे गट करणं, खडबडीत आणि गुळगुळीत बोटांनी ओळखणं, हे सगळं त्यावर होऊ शकतं. या कामगिरीचं कौतुक बहुतेक वेळा ‘कमी खर्चाचं शिक्षण’ असं केलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. शिंपले फुकट मिळतात हे खरं, पण शिंपला मुलाची चूक दाखवत नाही. ठोकळ्याने करायचं काम आता माणसाला करावं लागतं. कोणतं मूल कुठे अडलं, कुणाला हात द्यायचा, कुणाजवळ नुसतं बसायचं, हे ओळखणारी नजर हवी. साहित्यावरचा खर्च वाचला तो ताईच्या तयारीवर आला. केंद्राला शिक्षिका घडवणारं अध्यापन मंदिर चालवावं लागलं ते यामुळेच.

ही नजर सर्वांत मुरली ती अनुताई वाघ यांच्यात. पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य. शिकत आणि शिकवत त्यांनी पुण्यात हुजूरपागेत नोकरी केली. १९४५ साली बोरिवलीच्या एका शिबिरात ताराबाई भेटल्या आणि अनुताई बोर्डीला आल्या. १९९२ मध्ये गेल्या तोवर त्या याच कामात होत्या.

१९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि तिथे प्रश्न आणखी बिकट निघाला. वारली पाड्यांवरची दहा वर्षांची पोर शाळेत का येत नाही? तर कडेवर धाकटं भावंड असतं. भावंडाला शाळेत आणावं तर ते रडतं, आणि घरी ठेवावं तर मजुरीला गेलेल्या आईवाचून त्याला बघणारं कुणी नाही. यावर उपदेशाचा उपयोग नव्हता. म्हणून ‘विकासवाडी’ उभी राहिली : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली पाटी घेऊन वर्गात. पाळणाघर लहानग्यांसाठी म्हणून आपण बघतो, पण त्याने आधी थोरल्या बहिणीची शाळा वाचवली.

एवढ्यानेही गुराखी पोरं सुटलीच होती. गुरं सोडून ती वर्गात येणं शक्य नव्हतं. म्हणून कुरणशाळा निघाली, म्हणजे गुरं जिथे चरतात तिथे शिक्षक जायचा आणि झाडाखाली शाळा भरायची. कागदावर हे गोजिरं दिसतं. प्रत्यक्षात अर्ध्या गाण्यातून उठून पोरगं शेतात शिरलेल्या म्हशीमागे पळणारच. ते परत आल्यावर धडा पुन्हा कुठून धरायचा, हे कुठल्या पुस्तकात सापडायचं?

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री. त्याहून मोठी दखल सरकारने वेगळ्या रीतीने घेतली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिचं केंद्र अंगणवाडी म्हणून देशभर पसरलं. मात्र सेवा ठरल्या सहा : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषणाचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. पोट रिकामं असेल तर मूल खेळणार कसं, म्हणून आहाराला पहिला मान मिळाला याबद्दल तक्रार नाही. पण वजन, आहार, नोंदी यांची मोजदाद होते आणि गाण्या-गोष्टींची होत नाही. जे मोजलं जात नाही ते दुपारच्या घाईत मागे पडतं.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा मानला, आणि २०२३ मध्ये खेळणी, कोडी, बाहुल्या, चित्रपट्ट्यांचा ‘जादुई पिटारा’ आला. वस्तू चांगल्याच आहेत. प्रश्न पिटारा उघडणाऱ्या बाईचा आहे. कोसबाडच्या ताईचं सगळं लक्ष पोरांच्या हातांकडे असायचं. आजची अंगणवाडी सेविका मानसेवी आहे, तिला पगार नाही, मानधन मिळतं. तिला गृहभेटी करायच्या असतात, लसीकरणाच्या दिवशी आया गोळा करायच्या असतात आणि रोजच्या नोंदी मोबाइलवरच्या ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरायच्या असतात. तेवढ्या वेळात खोलीतल्या मुलांपैकी कोण कशात अडलंय, हे बघायला मदतनीस उरते, आणि तिच्यापुढे चुलीवरची खिचडी असते.