दीडशे मीटरला एक मीटर

रेल्वे रोह्याला पोचली १९८६ मध्ये, आणि पुढची काही वर्षं तिथेच अडली. दक्षिणेकडे जायचं तर सह्याद्रीच्या सोंडा आडव्या, आणि दोन सोंडांच्या मधून पश्चिमेला समुद्राकडे निघालेली नदी. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ उभं राहिलं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोहा-वीर टप्पा १९९३ मध्ये सुरू झाला, सगळा मार्ग १९९८ मध्ये.

डोंगराला वळसे घालत रूळ टाकले असते तर काम स्वस्तात उरकलं असतं. पण त्यावरून एक्स्प्रेस रखडतच गेली असती. इथे चढ ठेवला जास्तीत जास्त १५० मीटरला एक मीटर. बोरघाटात तो ३७ ला एक आहे. हजार टनांच्या गाडीला बोरघाट सुमारे २७ टनांच्या जोराने मागे ओढतो, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात. कोकण रेल्वेवर ही ओढ सात टनांच्या आतच. वळणांचंही तसंच. वेग दुप्पट झाला की गाडीला बाहेर लोटणारा जोर चौपट होतो, म्हणून वळणं ऐसपैस घेतली. याची किंमत म्हणजे ९१ बोगदे आणि लहानमोठे सुमारे दोन हजार पूल.

एवढं करूनही पाऊस ऐकत नाही. डोंगर कापून केलेल्या कटिंगच्या उतारात पाणी मुरलं की मातीच्या कणांची एकमेकांवरची पकड सुटते आणि दरड खाली येते. जून २००४ मध्ये करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, डबे पुलावरून कोसळले, माणसं गेली.

आता पावसाळ्याचं वेळापत्रकच वेगळं असतं. माणगावला पर्जन्यमापक आहे, वीरच्या पुढे सावित्रीच्या पुलावर पुराचा इशारा देणारी यंत्रणा. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की ताशी ४० किलोमीटरची मर्यादा. यामागचं गणित सोपं आहे: १२० वरून ४० वर आलं की ब्रेक लावल्यावर गाडी साधारण नवव्या हिश्श्याच्या अंतरात थांबते. चालकाला दगड दिसल्यावर हाताशी तेवढंच अंतर असतं.

२०२१ पासून रोहा-वीर दुहेरी झालं, पण वीरच्या पुढे अजून क्रॉसिंगसाठी ताटकळणं आहेच. २०२३ मध्ये वंदे भारत आली. ती मुंबईहून मडगावला एरवी पावणेआठ तासांत पोचते, पावसाळ्यात मात्र दहाच्या आसपास लागतात. पनवेल सोडलं की तिचा पुढचा थांबा थेट खेड. माणगावकर आपली दिवा-सावंतवाडी पकडतात.